सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

वि. स. खांडेकरांची जयंती जानेवारीत येते. त्या सुमारास कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या शाळेत, वाचनालयात त्यांच्यावर भाषण असतंच. असंच एक भाषण आमच्या माहितीतल्या एका निवृत्त मराठी शिक्षकांकडे आलं. सरांनी ते मन लावून लिहिलं आणि आधी वाचायला दिलं आपल्या जुन्या विद्यार्थिनीला. ती चित्रकार. गेली काही वर्षं आमवाताने तिच्या बोटांचे सांधे धरले आहेत. आजारपणातही लेखन न सोडणाऱ्या लेखकावरचं भाषण हिला नक्की भिडेल, असा सरांचा हिशेब. तो फसला. मंगळवार पेठेत सरांच्या सोप्यात दोघांची जी जुंपली, ती मी बाजूला बसून टिपून घेतली. नावं घालायची नाहीत, एवढ्या अटीवर दोघांनी ती छापू दिली.

चित्रकार: सर, भाषण घोटीव झालंय. पण मी समोर बसले असते तर मधेच उठून गेले असते.

सर: काय सांगतीस! एवढं काय लागलं तुला?

चित्रकार: यातले खांडेकर आजारी पडतात आणि लिहितात. डोळे जातात आणि लिहितात. पान उलटलं की ज्ञानपीठ. मधला माणूसच गायब आहे. सकाळी त्यांचा दिवस कसा सुरू व्हायचा, कागद कुणापुढे असायचा, आदल्या दिवशीचं वाक्य कोण वाचून दाखवायचं, यातलं काही नाही.

सर: अगं, समोर नववी-दहावीची पोरं असणार. त्यांना धीर येईल असं काही सांगायला नको? हा माणूस १८९८ साली सांगलीत जन्मला. मूळ नाव गणेश आत्माराम. वडील लवकर गेले. पुढे दत्तक गेला आणि विष्णू सखाराम झाला. शिक्षण मधेच सुटलं. १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेला, १९३८ पर्यंत तिथे राहिला. मग सिनेमाच्या लेखनासाठी कोल्हापूर, आणि नंतर कोल्हापूरच. प्रकृती जन्माची तोळामासा. डोळे आधीपासून अधू, अखेरच्या वर्षांत पार गेले. असं असून कथा, कादंबऱ्या, लघुनिबंध, रूपककथा, टीका, पटकथा! 'ययाति'ला साहित्य अकादमी, १९६८ साली पद्मभूषण, मग १९७४ चं ज्ञानपीठ. मराठीतलं पहिलं. हे ऐकल्यावर पोराला वाटणारच ना, की आपलं रडगाणं किती लहान?

चित्रकार: तेच नको वाटतं मला. त्या वर्गात एखाद्याला दमा असेल. एखाद्याची आई डायलिसिसवर असेल. त्याला तुम्ही सांगताय की तुझं दुखणं म्हणजे रडगाणं. खांडेकरांना जमलं, तुला का जमत नाही?

सर: मी असं कुठं म्हटलंय?

चित्रकार: म्हटलं नाही, पण ऐकू तसंच येतं. मी ऐकते ना हे. एका प्रदर्शनात एक गृहस्थ बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "ताई, आजाराने तुमच्या कामात खोली आणली." बिचारे मनापासून म्हणाले. मी हसले. काय बोलणार?

सर: त्यात वाईट काय आहे? तुझं काम बदललंय हे खरं आहे. पूर्वीची तुझी पोर्ट्रेट आणि आताची लँडस्केप मी दोन्ही बघितलीत. आताची जास्त धरून ठेवतात.

चित्रकार: सर, मी आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या गावात शिकले. इथली शिस्त म्हणजे समोर दिसतंय ते हुबेहूब. पापणीचा केस, नाकाच्या कडेचा उजेड, नऊवारीच्या काठावरची जर. त्याला शून्य नंबरचा ब्रश लागतो. तो आता माझ्या चिमटीत ठरत नाही. म्हणून मी नाइफ घेतली, जाड थर लावायला लागले. लोकांना ती नवी शैली वाटते. मला मात्र अजून स्वप्नात पापण्या रंगवता येतात.

यावर सर गप्प झाले. तेवढ्यात तिने पिशवीतलं सामान सोप्यात मांडलं, कारण तिला पुढे एका क्लासवर जायचं होतं. ऑइल कलरच्या ट्यूबा, दोन नाइफ, आणि त्यांच्याबरोबर लोखंडी पकड, इलेक्ट्रिशियनकडे असते तशी. ही कशाला, असं मी विचारलं. ट्यूबच्या आट्यांत रंग वाळला की झाकण हलत नाही. निरोगी माणूस बोटांनी पिळून ते उघडतो. तिला डॉक्टरांनी बोटं पिळायची मनाई केली आहे. त्याने सांधे आणखी वाकडे होतात. म्हणून पकड. ब्रशांच्या दांड्यांवर पाइपला गुंडाळतात तो काळा फोम चढवलेला, म्हणजे मूठ फार आवळावी लागत नाही. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटतच नाहीत, त्यामुळे काम अकरानंतर. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यायची. दुसऱ्या दिवशी मळमळतं, म्हणून तो वार कामातून वजा. ही व्यवस्था तिने इतक्या कोरडेपणाने सांगितली, की एखादा गवंडी आपल्या थापी-ओळंब्याबद्दल सांगेल. मला स्वतःला त्या प्रदर्शनातल्या गृहस्थांच्या वाक्यापेक्षा ती पकड जास्त बोलकी वाटली.

सर: बरं, खोली आणली असं नको म्हणूया. पण दुखण्यातून मोठं काही निघतच नाही, हे मी मानणार नाही. आपल्या गावचंच उदाहरण घे. अल्लादिया खाँसाहेब. तरुणपणी आवाज असा गोड की ऐकणारा उठू नये. माळव्यात आमलेटा म्हणून लहानसं संस्थान, तिथल्या राजाला गाण्याचा भारी षोक. दिवसामागून दिवस गाऊन घेतलं, आणि गळा बसला तो बसलाच. दोनेक वर्षं आवाज नाही. परत आला तो पूर्वीचा नव्हता. गोडवा गेला. गवयाच्या बाबतीत हे आजारपणाहून कमी आहे का? मग त्यांनी काय केलं? गोड आवाजाच्या जोरावर गाणं सोडून दिलं आणि वळणावळणाची, लयीला बांधलेली अवघड तान घडवली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवून घेतलं. जयपूर घराण्याचं गाणं कोल्हापुरात मुरलं. गळा गेला नसता तर हे झालं असतं का?

चित्रकार: मग मला सांगा, केसरबाई केरकरांच्या आवाजाला काय झालं होतं? मोगूबाई कुर्डीकरांच्या? दोघीही खाँसाहेबांच्याच शिष्या. दोघींचे गळे धडधाकट. खाँसाहेबांची गायकी मोडक्या गळ्याची सोय असती, तर ती केसरबाईंच्या त्या भरदार आवाजात अशी शोभली असती? ती डोक्यात होती. घरची धृपद-धमाराची परंपरा, काकांकडे, जहांगीर खाँकडे घेतलेली तालीम, हे सगळं गळा जाण्याआधीचं आहे.

सर: पण डोक्यातली ती वाट, गळा बंद झाल्याशिवाय उघडली असती?

चित्रकार: ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

आणि खरंच, कुणालाच माहीत असायचं कारण नाही. गळा शाबूत राहिलेले दुसरे अल्लादिया खाँ तुलनेला उपलब्ध नाहीत. पण या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटत होती, म्हणून मी मधे तोंड घातलं: दरबारचा आश्रय. १८९५ च्या सुमारास खाँसाहेब इथे आले आणि १९२२ साली महाराज जाईपर्यंत त्या आश्रयाने राहिले. आज आवाज लागला नाही तरी उद्या चूल पेटेल, ही शाश्वती ज्या गवयाला आहे तो नव्या वाटेने जाऊन बघू शकतो. ती नसती तर खाँसाहेबांना आहे त्या आवाजात लोकांना रुचेल तेवढंच गात फिरावं लागलं असतं. सरांनी मान हलवली. चित्रकाराने तर तो मुद्दा उचलूनच धरला.

चित्रकार: हेच मी म्हणतेय. शाश्वती, औषध, माणसं. सर, तुमचे लाडके नाटककार गडकरी घ्या.

सर: त्यांना यात ओढू नकोस.

चित्रकार: ओढणार. खांडेकर पुण्यात शिकायला असताना गडकऱ्यांच्या भोवती होते, त्यांच्यावर पुढे पुस्तक लिहिलं, हे तुम्हीच वर्गात सांगितलंय. गडकऱ्यांना क्षय झाला. सावनेरला भावाकडे अंथरुणावर पडून 'भावबंधन' पुरं केलं आणि जानेवारी १९१९ मध्ये गेले. वय ३३. 'राजसंन्यास' अर्धवट राहिलं. आता कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९४७ साली लग्न, आणि त्याच सुमाराला क्षय. हवापालटासाठी देवासला नेलं. काही वर्षं अंथरुण, गायची बंदी. फुप्फुस कायमचं अधू झालं. तरी १९५३ च्या सुमाराला ते परत गायला बसले आणि १९९२ पर्यंत गायले. रोग तोच. मधे २८ वर्षं. गडकऱ्यांची जिद्द कमी होती का?

सर: गडकऱ्यांची? छे! मरता मरता नाटक संपवणारा माणूस तो.

चित्रकार: मग फरक कशाचा? १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, आणि काही वर्षांनी ते देवासपर्यंत पोचलं. गडकऱ्यांच्या वेळी ते नव्हतं. एवढाच फरक. तुमच्या भाषणात जिद्द आठ ठिकाणी आहे. औषध एकदाही नाही.

सर: (जरा चिडून) ऐक आता. स्ट्रेप्टोमायसिन या देशात लाखोंनी टोचून घेतलं असेल. कुमार गंधर्व किती झाले? औषधाने माणूस वाचतो, गाणं वाचत नाही. छाती पुरत नाही म्हटल्यावर त्यांनी लांब दमसासाचा नाद सोडला. लहान लहान, टोकदार तुकड्यांत राग मांडला. अंथरुणावर असताना माळव्याच्या लोकगीतांकडे कान लावला, पुढे त्यातून नवे राग बांधले. 'अनूपरागविलास' बघ, पानोपानी दिसेल. ते कुठल्या इंजेक्शनात होतं?

चित्रकार: हे मान्य. शंभर टक्के.

सर: मग?

चित्रकार: मग त्यांच्या पत्नीचं, भानुमतीबाईंचं काय? त्याही गाणाऱ्या. कुमारांच्याच गुरूंकडे, देवधर मास्तरांकडे शिकलेल्या. लग्न झालं आणि नवरा अंथरुणाला. देवासला नोकरी केली, घर चालवलं, पथ्यपाणी सांभाळलं. त्यांचं गाणं कुठं गेलं, हे कुणी विचारतं का? १९६१ साली त्या गेल्या. कुमारांच्या आजाराची गोष्ट दोन गवयांची आहे. आपण एकाची सांगतो.

इथे चहा आला. सरांच्या सूनबाईंनी चित्रकारासाठी कप न देता स्टीलचा मोठा पेला आणला, दोन्ही तळव्यांत धरता येईल असा. कुणी काही बोललं नाही.

सर: तू आता खांडेकरांच्या लेखनिकाकडे येणार, मला ठाऊक आहे.

चित्रकार: येणारच. डोळे गेलेला लेखक लिहितो म्हणजे काय करतो? सांगतो. आणि दुसरा कुणीतरी लिहितो. त्याला सकाळी ठरल्या वेळी यावं लागतं. अक्षर वाचता येईल असं लागतं. लेखक अडखळला तर मधे बोलायचं नाही, पण स्वल्पविराम राहिला तर विचारायचं. कालचं पान वाचून दाखवायचं, तेही भाव न घालता, नाहीतर लेखकाला स्वतःचं वाक्य पारखता येत नाही. हे कसब आहे, सर. माझ्या ओळखीत एक बाई अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेला लेखनिक म्हणून बसतात. त्या म्हणतात, सगळ्यात अवघड काय तर आपल्याला येत असलेलं उत्तर न लिहिणं.

सर: वा! हे घेतो मी भाषणात.

चित्रकार: मला तर वाटतं, खांडेकरांची ती लांबरुंद, अलंकार घातलेली वाक्यं सांगून लिहिल्यामुळेच आली असतील. कानासाठी केलेली वाक्यं आहेत ती.

सर: नाही. इथे तू घसरलीस. 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' १९३४ च्या. तेव्हाही त्यांची भाषा अशीच होती. उपमा, सुभाषितं, कल्पनांची आतषबाजी. ती गडकऱ्यांकडून आली, नाटककार कोल्हटकरांकडून आली. डोळ्यांशी तिचा संबंध नाही. मघाशी त्या गृहस्थांवर रागावलीस ना? आजाराने खोली आणली म्हणाले म्हणून? आता तू आजाराने उपमा आणल्या म्हणतीस.

चित्रकार: (हसून) घ्या. हा तुमचा.

सर: आणि लेखनिकाबद्दल म्हणशील, तर आपल्या परंपरेने त्याला विसरलेलं नाही. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. शके १२१२. ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्यांचं नाव आदराने नोंदलेलं आहे. व्यासांनाही गणपती लागला, आणि तोसुद्धा अटी घालून बसला.

चित्रकार: तेच तर! सातशे वर्षांपूर्वी ग्रंथाच्या आत नाव. आणि आजच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर? लेखक, प्रकाशक, मुखपृष्ठाचा चित्रकार. ज्याच्या हाताने ती उतरली त्याचं नाव घालायची पद्धतच नाही. फ्रान्समध्ये चित्रकार रेन्वारच्या मदतनीसाचं असंच झालं. पन्नाशीच्या आसपास रेन्वारला माझाच आजार झाला. शेवटी शेवटी बोटं अशी आत वळली की तळव्याची कातडी सोलू नये म्हणून पट्ट्या गुंडाळायचे आणि कुणीतरी ब्रश हातात अडकवून द्यायचं. १९१९ पर्यंत रंगवत होता. त्याला शिल्पं करायची होती. मातीला तर हात लावणं शक्य नाही. मग रिशार गिनो नावाचा तरुण शिल्पकार ठेवला. रेन्वार सांगायचा, गिनो माती चढवायचा. शिल्पं रेन्वारची म्हणून विकली गेली. पुढे कितीतरी वर्षांनी गिनो कोर्टात गेला, आणि १९७३ साली फ्रान्सच्या वरच्या कोर्टाने तो सहनिर्माता असल्याचं कायम केलं.

सर: थांब, थांब. गिनोने आकार घडवला. कुठे दाबायचं, कुठे उचलायचं हे त्याच्या बोटांनी ठरवलं. लेखनिक वाक्य घडवत नाही. खांडेकरांच्या लेखनिकाला सहलेखक म्हणशील तर मी सभेतून उठेन.

चित्रकार: सहलेखक नाही म्हणत. नाव म्हणतेय. श्रेय आणि मालकी एक नाही.

सर: हां. मग बोल.

मला विचाराल तर या ठिकाणी वाद संपायला हरकत नव्हती. पण खरा विषय अजून यायचा होता, आणि तो 'ययाति'च्या वाटेने आला. शुक्राच्या शापाने राजा ययातीला अकाली म्हातारपण येतं आणि तो आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य मागून घेतो. महाभारतातली ही कथा खांडेकरांनी १९५९ साली कादंबरीत नव्याने मांडली.

चित्रकार: सर, 'ययाति' मी दहावीत वाचली तेव्हा ययातीचा राग आला होता. परवा परत वाचायला घेतली. आता राग येत नाही, भीती वाटते. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. कॅनव्हास ताणून ती देते. टर्पेन्टाइनमध्ये ब्रश ती धुते. ईझलचा स्क्रू ती आवळते. मी हाक मारली की पुस्तक उलटं ठेवून येते. कधी तोंड वाकडं करत नाही, त्याचाच त्रास होतो. तिच्या हातांवर मी चित्रं काढतेय. पुरूने तरी हो म्हणताना विचार केला असेल.

सर: असं नको म्हणूस. ययातीने भोगासाठी मागितलं. तू कामासाठी मागतीस.

चित्रकार: पोरीला काय फरक पडतो? तिचा तासभर गेला तो गेलाच.

सरांना एकदम उत्तर सुचलं नाही. वर्गात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला उत्तर न सुचणं आवडत नाही, ते दिसत होतं. मग ते जे बोलले ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणं वाटलं.

सर: बघ, आमची आई शेवटची सहा वर्षं झोपून होती. तिचं सगळं आमच्या थोरल्या बहिणीने केलं. मी पगारातून पैसे द्यायचो आणि माझं झालं असं समजायचो. बहिणीला गाण्याची आवड होती, तिचा क्लास सुटला. मी तेव्हा कविता लिहीत होतो. एकदा ती म्हणाली, दादा, तू बाहेर चार लोकांत आईची सेवा करणारा म्हणून ओळखला जातोस, तेवढं बंद कर, मला बाकी काही नको. तुझी मुलगी मदत करणारच. आजारी माणसाच्या घरात ते चुकत नाही. पण तू ती मदत लपवू नकोस. आणि पैसे देऊन होण्यासारखी कामं पैसे देऊन करून घे. कॅनव्हास ताणून देणारा फ्रेमवाला गावात आहे. ब्रश धुवायला इथल्या कलाशाळांतली, दळवीज आर्टसची नाहीतर कलानिकेतनची, दोन पोरं आनंदाने येतील, शिकायलाही मिळेल. पोरीकडून फक्त ते घे, जे ती आपणहून देईल.

चित्रकार: आणि ज्या दिवशी काम होणारच नाही?

सर: म्हणजे?

चित्रकार: तुमच्या भाषणात एक भोक आहे. 'क्रौंचवध' १९४२ ची. पुढची कादंबरी 'अश्रू'. मधे दहा-बारा वर्षं. तुम्ही 'क्रौंचवध'वरून थेट 'ययाति'वर उडी मारलीय.

सर: तेव्हा ते अगदीच गप्प नव्हते. कथा होत्या, निबंध होते. कादंबरी नव्हती, एवढंच. त्याची कारणं नुसती प्रकृतीची नसतील. महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, ज्या ध्येयवादावर त्यांच्या कादंबऱ्या उभ्या होत्या तोच डळमळला. मला ते वर्गात नीट समजावता येत नाही, म्हणून गाळतो.

चित्रकार: गाळू नका. माझ्यासारख्याला 'ययाति'पेक्षा ती दहा वर्षं ऐकायची आहेत. एवढा लोकप्रिय लेखक, तमिळ-गुजरातीत वाचला जाणारा, १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला, आणि त्याला दहा वर्षं कादंबरी होत नाही. तरी त्याला कुणी संपला म्हणालं नाही, किंवा म्हणालं असेल तर त्याने मनावर घेतलं नाही. मला दोन महिने ब्रश धरता आला नाही तर लोक विचारतात, सोडलं का? आजारात काम चालू ठेवणं म्हणजे रोज काम करणं नव्हे, हे त्या दहावीच्या पोरांना कळू दे.

सर: पण मी एक सांगतो, तुला पटो न पटो. व्यवस्था सगळी असते, तरी माणूस उठत नाही. फोम असतो, पकड असते, पोरगी असते. अकरा वाजतात. आणि तो ब्रश उचलणं, हे तुझं तुलाच करावं लागतं. त्याला काय म्हणायचं?

चित्रकार: (थोडं थांबून) ते आहे. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

सर: झालं तर. जिद्द आठ ठिकाणी आहे म्हणालीस ना? सहा खोडतो, दोन ठेवतो.

चित्रकार: एक ठेवा.

सर: दोन. एक गडकऱ्यांसाठी.

भाषण पुढे झालं. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आलं, सच्चिदानंदबाबा आले, भानुमतीबाई आल्या, मधली दहा वर्षंही आली. रेन्वार वेळेअभावी राहिला. प्रश्नोत्तरात एका मुलाने विचारलं, खांडेकरांना लिहून देणारे लोक कोण होते, त्यांची नावं काय? सरांना दोन-तीन नावं ऐकून ठाऊक होती, पण खात्री नसलेलं नाव सभेत घेऊ नये म्हणून ते म्हणाले, शोधून सांगतो.

खांडेकर २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेला गेले. त्यांच्या अखेरच्या काळात विशी-तिशीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कोल्हापूर, सांगली, मिरज, शिरोडा या भागात ज्यांनी कधी खांडेकरांसाठी एखादं पान लिहून घेतलं, पत्र वाचून दाखवलं, प्रूफं तपासली, किंवा ज्यांच्या घरातल्या कुणी हे काम केलं, त्यांनी ते साल आणि नाव कागदावर उतरवून ठेवावं. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालय आहे. त्या कागदाची एक प्रत तिथे नेऊन द्यावी. आणि आज ज्यांच्या घरात एखादा आजारी कलावंत काम करतो आहे, त्यांनी पुढच्या चित्राच्या, पुस्तकाच्या, रेकॉर्डिंगच्या मागे मदतनीसाचं नाव घालायला सांगावं. त्याला पैसे पडत नाहीत.